खड्ड्यातली अळी, ट्रॉम्बेचा उडीद आणि बांधावरचा नारळ



दिवाळीच्या सुट्टीत मेव्हण्याकडे कांजूरमार्गला जाणे झाले. तो राहतो त्या चाळीच्या आवारात पाच-सहा नारळ आहेत. त्यांतल्या दोन झाडांच्या झावळ्या कात्रीने कापाव्यात तशा तिकोनी कातरलेल्या दिसल्या. चाळकऱ्यांचा वहीम वटवाघळांवर. मेव्हणा म्हणतो कसा, "दाजी, तुम्ही शेतकी खात्यातले, बघा की जरा." बघायला फार कष्ट पडले नाहीत. शेंड्यापाशी भोक आणि भोकातून बाहेर आलेला चोथा. काम गेंड्या भुंग्याचे होते. आवाराच्या कोपऱ्यात शेणाचा नि पालापाचोळ्याचा जुना ढीग होता, तो फावड्याने उकरला तर अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या. "अरे, ही तर हुमणी!" मेव्हणा ओरडला. त्याचे लहानपण आपल्याच भागात गेलेले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की हीच चूक आपले सभासदही करतात. उकिरड्यात अळी दिसली की हुमणी समजून जहाल औषध ओतायचे आणि उसात मात्र खरी हुमणी वाढू द्यायची. दोघी चुलत बहिणी खऱ्या, पण संसार वेगळा. उसाच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि अंडी शेताच्या मातीत घालतात. त्यांची अळी जिवंत मुळ्या खाते. गेंड्या भुंग्याची अळी कुजलेल्या शेणावर जगते, उसाच्या मुळीला तोंड लावत नाही. तिचा उपद्रव भुंगा झाल्यावर. तो रात्री उडून नारळाचा कोवळा सुईसारखा कोंब पोखरतो, आणि तोच कोंब पुढे उघडला की झावळीवर ते तिकोनी कातरण दिसते. पोखरलेल्या जखमेत मग सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि त्याने आतून खोड खाल्ले की झाड हाती लागत नाही.

ज्यांच्या बांधावर नारळ आहेत त्यांनी म्हणून खताचा खड्डा वरचेवर उलथावा. अळ्या कोंबड्या आवडीने टिपतात. शेंड्यातला भुंगा लोखंडी आकड्याने ओढून काढता येतो. लहान झाडाच्या वरच्या तीन झावळ्यांच्या बगलेत डांबराच्या तीन-चार गोळ्या ठेवून वर वाळू टाकावी आणि दीड महिन्याने पुन्हा ठेवाव्यात. ही शिफारस कासरगोडच्या नारळ संशोधन केंद्राची आहे.

संशोधकांनी या भुंग्याला त्याचाच रोग लावला, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९६३ साली मलायात आलॉइस हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला या अळ्या मारणारा एक विषाणू सापडला. १९६७ मध्ये तो पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवर सोडला. रोगट भुंगा स्वतःच उडत जाऊन दुसऱ्यांना रोग देतो, त्यामुळे फवारणाऱ्या माणसाची गरज नाही. दुसरी मित्र म्हणजे मेटारायझियम ही हिरवी बुरशी. ती भुंग्याच्या अळीला आणि आपल्या हुमणीलाही मारते. १८७९ साली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळीवर ती वापरून पाहिली होती. म्हणजे ही काही कालपरवाची फॅशन नव्हे. मात्र तिला ओल लागते. वाळक्या ढेकळात पुडी उधळून "काही गुण आला नाही" म्हणणारे सभासद मला ठाऊक आहेत.

आता बियाण्याकडे येतो. कांजूरमार्गहून ट्रॉम्बे जवळच. तिथले भाभा अणुसंशोधन केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते, पण तिथे उडीद-मूग-तुरीवरही काम चालते. टपोऱ्या दाण्याचा टीएयू-१ हा उडीद तिथलाच, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जोडीने काढलेला आणि १९८५ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा. गामा किरण दिलेल्या बियांतून निवडलेल्या टपोऱ्या दाण्याच्या वाणाचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर करून तो मिळाला.

एका गटसभेत एका जाणत्या सभासदाने विचारले, "साहेब, अणूचं बी खाल्लं तर पोरांना काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. गामा किरण दाण्यातून आरपार जातात, दाण्यात साठून राहत नाहीत. क्ष-किरणाचा फोटो काढल्यावर आपला हात किरण फेकत नाही, तसेच. किरणांनी पेशीतल्या वारशात बदल होतो. पहिल्या पिढीत झाडे खुरटलेली दिसतात, बदल उघड होतात ते दुसऱ्या पिढीत, आणि हजारो झाडांतली बहुतेक टाकाऊच निघतात. एखादे झाड लवकर पिकणारे, एखादे टपोऱ्या दाण्याचे सापडते. पुढे पिढ्यानपिढ्या निवड आणि चाचण्या होऊन मगच बी आपल्या हाती येते.

याच जागी ऊसवाल्यांनी एक फरक समजून घ्यावा. उसाची कांडी लावली की तोच ऊस उगवतो, म्हणून को ८६०३२ चे बेणे एका शिवारातून दुसऱ्यात गेले तरी वाण तोच राहतो. उडदाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून घरचे स्वच्छ बी चालते. तुरीवर मधमाश्या फिरतात. शेजारच्या वाणाची भेसळ होते, म्हणून तिचे बी अधूनमधून बदलावे. नारळाला कांडी नाही आणि संकरित झाडाचे नारळ रुजवले तर बापाचे गुण उतरतीलच असे नाही. त्यात उंच झाडाला फळ यायला सहा-सात वर्षे. उडदाच्या सत्तर-पंचाहत्तर दिवसांपुढे हे केवढे! डॉ. जे. एस. पटेल यांनी १९३२ साली उंच आणि ठेंगू जातींचा पहिला संकर केला, आणि त्या रोपांचा जोम १९३७ साली जगापुढे मांडला. एका शास्त्रज्ञाच्या नोकरीत नारळाच्या किती पिढ्या बसणार, हिशेब आपणच करा.

तूर आणि नारळ यांचे एक नाते मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. तुरीचा वांझ रोग पसरवणारा आणि १९९८ साली केरळात प्रथम दिसलेला, नारळाची बोंडे खरबरीत करणारा, हे दोन्ही कोळी एकाच कुळीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. तुरीत त्यावर प्रतिकारक वाण मिळाला; जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या बीएसएमआर-७३६ व ८५३ या तुरी वांझ आणि मर दोन्ही रोगांना दाद देत नाहीत. नारळाला असा हुकमी वाण अजून नाही.

ज्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण करायची आहे, त्यांचे रान खोडवा मोडल्यावर जूनपासून रिकामे असते. मृगाच्या ओलीवर रायझोबियम चोळून उडीद पेरला तर ऑगस्टअखेर-सप्टेंबरात शेंगा तोडून होतात, पाला रानात गाडता येतो आणि सरी काढायला पुरता महिना मिळतो. नत्र किती वाचेल याचा आकडा मी देत नाही, ते रानागणिक बदलते. मोकळ्या रानापेक्षा नक्कीच बरे. रान पाणी धरणारे असेल तर मात्र हा नाद करू नये. उडीद दोन दिवस पाण्यात उभा राहिला की पिवळा पडतो.

उडदाच्या बियाण्याची मागणी आपापल्या गट ऑफिसात मेअखेर नोंदवावी. उकिरड्यातली अळी ओळखत नसेल तर ती डब्यात घालून आणावी, औषध नंतर बघू.