अळी कोणाची? फळमाशीच्या ओळखीचा शतकभराचा मागोवा

पळसदेव-इंदापूर पट्ट्यात पेरूच्या बागा वाढल्या आणि फळमाशी ही रोजची डोकेदुखी झाली. पावसाळी पेरूच्या सालीवर डंखाचा ठिपका दिसतो, फळ मऊ पडतं, कापलं की गरात पांढुरक्या, बिनपायाच्या अळ्या वळवळतात.

या किडीचा अभ्यास पुढे सरकला तो नराच्या मागावरून. बिहारमधल्या पुसा इथे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये नोंदवलं, की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धावतात. १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉल या रसायनाचं आकर्षणही त्यांनी दाखवून दिलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नर पकडणारा ‘रक्षक’ सापळा त्याच वाटेवरचा.

सापळा नराला धरतो, नुकसान मात्र अळी करते; तिचं महत्त्व कॉफीच्या मळ्यांत नीट कळतं. १९१० मध्ये हवाई बेटांवर भूमध्य फळमाशी पोहोचली. तिची अळी कॉफीच्या फळाचा गर खाते, बी बहुधा शाबूत राहतं. त्यामुळे मळेवाल्याचं फारसं बिघडत नाही. भोवतालच्या फळबागांना मात्र तिथूनच माशी पुरवली जाते. ती माशी भारतात स्थिरावलेली नाही, पण आपल्या पेरूवरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसही पिकल्या कॉफीफळात वाढते.

व्हाइट आणि एल्सन-हॅरिस यांच्या १९९२ च्या ग्रंथाने अळ्यांच्या खुणा एकत्र मांडल्या. पूर्ण वाढलेली अळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की टोकदार तोंडाशी दोन काळे आकडे दिसतात आणि बोथट शेपटाकडे श्वासरंध्रांच्या दोन चकत्या, प्रत्येकीत तीन फटी. सडक्या फळावरच्या चिलटांच्या अळीत हीच रंध्रं नळीसारखी बाहेर आलेली असतात. फळमाशीची अळी शरीराची कमान करून उडीही मारते.

तरी जात ठरवणं अवघडच. आफ्रिकेत २००३ मध्ये सापडलेली माशी २००५ मध्ये नवी जात ठरली. २०१५ मध्ये ती डॉर्सॅलिसच असल्याचं मान्य झालं.

या ओळखीवरच बागेचा उपाय ठरतो. पेरूवरच्या नराला मिथाइल युजेनॉल लागतं, कारल्या-दोडक्यावरच्याला क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष. आमिषाची वडी चुकली तर सापळा रिकामा राहतो आणि बागेत फळं सडत असतात. म्हणून किडकं फळ फेकण्याआधी एखादं ओलसर वाळूच्या बरणीत ठेवून तोंडाला फडकं बांधावं. अळ्या वाळूत कोषात जातात, पुढे माश्या निघतात. त्या बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवाव्यात आणि मगच औषधाला हात घालावा.