पंधरा वर्षांचा पहारा

अमेरिकेत अल्प उत्पन्न गटासाठी भाड्याची घरे बांधण्याचे सर्वांत मोठे सरकारी साधन गृहनिर्माणाच्या नव्हे, तर प्राप्तिकराच्या कायद्यात आहे, आणि त्या घरांवरील देखरेखीचे गुणदोष या एका गोष्टीतूनच उपजलेले आहेत. १९८६ साली रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षपदाच्या काळात करसुधारणा कायदा झाला. त्याने भाड्याच्या मालमत्तेत पैसा गुंतवणाऱ्यांच्या अनेक जुन्या सवलती काढून घेतल्या आणि परवडणाऱ्या घरांपुरती नवी सवलत देणारे ४२ वे कलम करसंहितेत घातले. १९९३ मध्ये ते कायमस्वरूपी झाले आणि त्याच्या आधारे आजवर तीस लाखांहून अधिक घरे बांधली किंवा दुरुस्त केली गेली.

या सवलतीला टॅक्स क्रेडिट म्हणतात. आपल्याकडील ८० सी कलमाखालची वजावट करपात्र उत्पन्न कमी करते. टॅक्स क्रेडिट मात्र भरावयाच्या करातूनच वजा होते, त्यामुळे एका डॉलरच्या क्रेडिटने कर एका डॉलरने घटतो. हे क्रेडिट दहा वर्षे हप्त्याहप्त्याने मिळते. बांधकाम करणाऱ्या विकासकाचा स्वतःचा कर सहसा एवढा नसतो, म्हणून तो बँका आणि बड्या कंपन्यांना भागीदार करून घेतो. क्रेडिट त्यांना जाते, त्यांचे भांडवल इमारतीला लागते, आणि कर्जाचा बोजा हलका झाल्यामुळे कमी भाडे परवडते.

या बदल्यात मालकाला दोनपैकी एक अट स्वीकारावी लागते. निदान २० टक्के घरे त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत कमावणाऱ्यांना द्यायची, किंवा निदान ४० टक्के घरे त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांना. मध्यक उत्पन्न म्हणजे असा आकडा की ज्याच्या वर निम्मी कुटुंबे असतात आणि खाली निम्मी. (२०१८ मध्ये सरासरी काढण्याचा तिसरा पर्यायही आला.) वीज-पाण्याच्या खर्चासह भाडे या उत्पन्नमर्यादेच्या ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: ही टक्केवारी मर्यादेवर मोजली जाते, भाडेकरूच्या खऱ्या कमाईवर नव्हे, त्यामुळे मर्यादेच्या बरेच खाली कमावणाऱ्या कुटुंबाला हेच ‘परवडणारे’ भाडे चांगलेच जड जाऊ शकते.

देखरेखीची उतरंड अशी आहे. शिखरावर इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, म्हणजे तेथील प्राप्तिकर खाते. त्याखाली राज्यांच्या गृहवित्त संस्था, ज्या कोणत्या प्रकल्पाला क्रेडिट द्यायचे हे आपापल्या वाटप-आराखड्यानुसार ठरवतात. या संस्थांचे निरीक्षक तीन वर्षांतून निदान एकदा इमारतीत जातात, काही घरे आणि भाडेकरूंच्या उत्पन्नाचे कागद तपासतात, आणि अटी मोडलेल्या आढळल्या तर ८८२३ क्रमांकाच्या फॉर्मवर करखात्याला कळवतात. क्रेडिट दहा वर्षांत मिळून जात असले तरी अटी पंधरा वर्षे पाळाव्या लागतात. त्या मोडल्यास घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग व्याजासह परत द्यावा लागतो. या धाकामुळे खरा पहारेकरी सरकारी निरीक्षक न राहता गुंतवणूकदार बनतो: आपले क्रेडिट बुडू नये म्हणून तो स्वतःच इमारतीवर लक्ष ठेवतो. या कलमातील सर्वांत कल्पक भाग हाच म्हणावा लागेल.

पण हा पहारेकरी खर्चाकडे बघत नाही, कारण बांधकामाचा खर्च वाढला की क्रेडिटही वाढते. संसदेला जबाबदार असलेल्या आणि आपल्या ‘कॅग’शी काहीसे साम्य असलेल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१८ मध्ये बारा वाटप-संस्थांचे प्रकल्प तपासले, तेव्हा नव्या घरामागचा मध्यक खर्च टेक्सासमध्ये सुमारे १ लाख २६ हजार डॉलर, तर कॅलिफोर्नियात सुमारे ३ लाख २६ हजार डॉलर निघाला. जमीन, मजुरी आणि स्थानिक नियम यांमुळे फरक पडणारच. परंतु कंत्राटदाराच्या पातळीवरील हिशेबाचा दाखला फार थोड्या संस्था मागत असल्याने या आकड्यातला रास्त खर्च कोणता आणि फुगवलेला कोणता, हे वेगळे करणे अवघड होते. ही शंका पोकळ नव्हती, कारण फ्लोरिडात बांधकामाचे आकडे फुगवून क्रेडिट लाटल्याची प्रकरणे संघराज्य न्यायालयात सिद्धही झाली होती.

याच कार्यालयाच्या २०१५ च्या अहवालातील एक आकडा तर अधिकच बोलका आहे: १९८६ पासून करखात्याने ५६ वाटप-संस्थांपैकी केवळ सात संस्थांची तपासणी केली होती, आणि २०१४ या एका वर्षात या सवलतीपायी सरकारने सुमारे ८ अब्ज डॉलरच्या महसुलावर पाणी सोडले होते. कर गोळा करणे हे ज्या खात्याचे काम, त्याच्याकडे घरांची राखण सोपवल्यावर दुसरे काय व्हायचे? संघराज्याच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याला या कारभारात सहभागी करून घ्यावे, असे त्या अहवालाने सुचवले होते. २०२५ च्या करकायद्याने राज्यांच्या वाट्याचे क्रेडिट २०२६ पासून १२ टक्क्यांनी वाढवले. देखरेखीची घडी मात्र त्याने बदलली नाही.

पंधरा वर्षे सरली की क्रेडिट परत घेण्याचा धाक संपतो आणि गुंतवणूकदार बहुधा बाहेर पडतो. १९८९ च्या दुरुस्तीनुसार घरे निदान तीस वर्षे स्वस्त ठेवण्याचा करार करावा लागतो. पण उत्तरार्धात तो पाळला जातो की नाही हे राज्यसंस्थेने, किंवा राज्याच्या न्यायालयात जाण्याचा हक्क असलेल्या भाडेकरूने पाहायचे असते. त्यातही एक पळवाट आहे. चौदावे वर्ष संपल्यावर मालक राज्यसंस्थेला ग्राहक शोधायला सांगू शकतो. किंमत कायद्यातील सूत्राने ठरते, ती नियंत्रित भाड्याच्या इमारतीच्या बाजारभावापेक्षा पुष्कळदा जास्त भरते, आणि वर्षभरात ग्राहक मिळाला नाही तर बंधने उठतात. त्यानंतर तीन वर्षे जुन्या भाडेकरूला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही आणि त्याचे भाडे मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. अनेक राज्ये आता क्रेडिट देतानाच मालकाकडून या हक्कावर पाणी सोडल्याचे लिहून घेतात. ज्या जुन्या इमारतींच्या करारात असे कलम नाही, त्यांना ही पळवाट आजही खुली आहे.