मांजरेच्या पलीकडचं संतपूर

मागच्या महिन्यात मुलीला शाळेत ‘माझे मूळ गाव’ हा प्रकल्प मिळाला. गावाच्या रकान्यात तिने संतपूर लिहिलं, राज्याच्या रकान्यात कर्नाटक, आणि मग मला विचारलं, "बाबा, मग आपण मराठी कसे?" दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला या प्रश्नाचं उत्तर चटकन सुचेना. मग गावी आजोबांना फोन लावला.

बीदरहून औरादकडे निघालं की आधी जनवाडा, मग मांजरेचा पूल, पलीकडे कौठा आणि पुढे आपलं संतपूर. बीदरच्या पठारावर तांबडी जांभ्याची माती, नदीपलीकडे काळी रानं. ज्वारी, तूर, उडीद, मूग आणि आता सोयाबीनही.

मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. लातूर, बीदर करत ती तेलंगणात जाते, तिथे उत्तरेला वळते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. धनेगावच्या धरणातून लातूरला आणि सिंगूरच्या धरणातून हैदराबादला तिचं पाणी मिळतं. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते हीच नदी वर आटली म्हणून. एका नदीवर तीन राज्यं तहान भागवतात.

आता राज्याचं. आपलं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर ते भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. जुन्या कागदांत औराद तालुक्याचं नाव संतपूर असंच आढळतं. १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. यात आजोबांनी घर एकदाही बदललं नाही. उदगीरच्या सोयरिकी तशाच राहिल्या, फक्त मध्ये राज्याची हद्द आली.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, नंतरचे कानडीत आणि घरची पत्रं मराठीत. तिन्ही वाचणारे घरात ते एकटेच. मला मराठी येतं, मुलीला अडखळत. खरं सांगायचं तर भीती हद्दीची नाही, या पेटीची वाटते.

मुलीने प्रकल्पात शेवटी लिहिलं, ‘आमचं गाव हललं नाही, रेघ हलली.’ तुमच्याही घरी अशी पेटी असेल. या दिवाळीत मुलांना घेऊन जा, ती उघडा, आणि आजी-आजोबा सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्ही जाणारच आहोत. आजोबा म्हणाले, "यंदा नदीला पाणी हाय. पुलावर घटकाभर थांबा, लेकराला दाखवा, मग या."