नरपडला केव्हां जावें?

डहाणूजवळच्या नरपडला जावयाचें तर ऋतु आणि तिथि दोन्ही पाहावीं. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो. तो काळ टाळावा. चैत्री पौर्णिमेपासून डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, पण तेव्हां ऊन कडक. पौष-माघांत हवा सुखद असते आणि वाड्यांतील चिकूही मुबलक मिळतात.

आतां तिथि. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं भरतीची स्थूल वेळ निघते: अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. पुढें सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीस वाळू भर दुपारीं मोकळी होते, पौर्णिमेस संध्याकाळीं. मुलांसह जाणारांनीं पौष किंवा माघ पौर्णिमा निवडावी. मात्र उधाणाचें पाणी झपाट्यानें परततें, म्हणून चंद्र वाड्यांवर येतांच मागें फिरावें.