तिसरा रकाना खाली का पडतो?

वर्तमानपत्राचे पान रकान्यांत का छापतात? ओळ फार लांब झाली, की ती संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीकडे येताना नजर चुकते. रकाना अरुंद असला की वाचन सोपे होते. वेबपानावरही रकाने लागतात ते याच कारणाने. फरक एवढाच, की छापील कागदाची रुंदी ठरलेली असते, वेबपानाची नसते. तेच पान शाळेच्या संगणकावर उघडते आणि पालकांच्या मोबाइलवरही.

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही असे एक पान तयार करत होतो. डावीकडे दुव्यांची यादी, मध्ये विज्ञानाचा पाठ, उजवीकडे सूचना. पानाची रुंदी ९६० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ९६० बिंदू. तीन रकाने, प्रत्येकी ३२० पिक्सेल. हिशेब चोख होता. पण पान उघडले, तर सूचनांचा रकाना घसरून खाली गेलेला!

चूक कोठे झाली? मजकूर कडेला चिकटू नये म्हणून आम्ही प्रत्येक रकान्यात आतून दोन्ही बाजूंना १० पिक्सेल मोकळी जागा सोडली होती. तिला पॅडिंग म्हणतात. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या मूळ नियमानुसार ‘रुंदी’ म्हणजे केवळ मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि चौकटीची रेघ तीत धरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक रकाना ३२० + १० + १० = ३४० पिक्सेलचा झाला. तिन्ही मिळून १०२०. जागा मात्र ९६० ची. वहीत ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही, तर आपण तो पुढच्या ओळीवर घेतो. ब्राउझरनेही तेच केले.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रुंदी ३०० लिहायची. दुसरा, ‘बॉक्स-सायझिंग’ या गुणधर्माला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत द्यायची. मग पॅडिंग आणि रेघ धरूनच रुंदी मोजली जाते आणि ३२० म्हणजे ३२०च राहतात.

आम्ही दुसरा उपाय केला. तिसरा रकाना जागेवर आला. पण शिबिरातील एका दृष्टिहीन शिक्षकांची अडचण वेगळीच निघाली. ते पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने ऐकत होते. रकाना खाली पडल्याचे त्यांना जाणवलेही नव्हते. “सर, पाठ सुरू होण्याआधी ही सगळी यादी किती वेळ ऐकायची?” त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. डोळस वाचक यादी ओलांडून पाठाकडे वळतो. ऐकणाऱ्यासमोर मजकूर लिहिलेल्या क्रमानेच येतो.

या अडचणीचे मूळ थोडे मागे आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात रकान्यांसाठी तक्ते वापरत. तक्त्याचे घर जेथे, तेथेच मजकूर लिहावा लागे. म्हणजे दिसण्याची सोय पाहून वाचनाचा क्रम ठरे. मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवावे, या हेतूने सर्न येथे काम करणारे नॉर्वेचे होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले प्रमाण आले. त्यात रकान्यांसाठी खास सोय नव्हती. चित्राभोवती मजकूर वळवण्यासाठी केलेली ‘फ्लोट’ ही सोयच लोक पुढे कित्येक वर्षे रकान्यांसाठी राबवत राहिले. हाताशी असलेल्या जुन्या पुस्तकावरून आम्हीही तेच केले होते.

२०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये ‘ग्रिड’ ही पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात ‘एफआर’ हे एकक असते. एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा. आम्ही पाठ पहिला, सूचना दुसऱ्या आणि दुवे शेवटी, असा मजकूर नव्याने लिहिला व पडद्यावरही तोच क्रम ठेवला. रकान्यांना अनुक्रमे २, १ व १ एफआर दिले आणि मधल्या दोन फटी २० पिक्सेलच्या ठेवल्या. आता ९६० वजा ४० म्हणजे ९२०. चार वाटे केले, की एक वाटा २३०. पाठाला ४६०, बाकीच्यांना प्रत्येकी २३०. हा भागाकार ब्राउझरच करतो.

मोबाइलवर काय होईल? रुंदी ३६० धरली, तर एक वाटा अवघा ८० पिक्सेलचा! म्हणून ‘पडदा ६०० पिक्सेलपेक्षा अरुंद असेल, तर एकच रकाना’ असा नियम जोडायचा. मग तिन्ही भाग लिहिलेल्या क्रमाने एकाखाली एक येतात. ज्या क्रमाने दृष्टिहीन वाचकाची सोय झाली, तोच क्रम येथेही उपयोगी पडतो.

ग्रिडमध्ये लिहिण्याचा क्रम न बदलता भाग पडद्यावर कोठेही हलवता येतात. तो मोह टाळावा. डोळ्यांना एक क्रम आणि कानांना दुसरा, असे होऊ नये.

वर्गात दोन गोष्टी करून पाहा. पान ७२० पिक्सेल, तीन समान रकाने, प्रत्येकात दोन्ही बाजूंना १५ पिक्सेल पॅडिंग आणि १ पिक्सेलची रेघ. मूळ नियमानुसार मजकुराची रुंदी किती लिहावी? उत्तर २०८ यायला हवे. मग विद्यार्थ्यांनी बनवलेल्या पानातून सीएसएस काढून टाका आणि उरलेला मजकूर एकाला मोठ्याने वाचायला सांगा. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे. नीट समजला, तर रकाने आखायला हरकत नाही.