प्रकल्प संपल्यानंतर मुलांचे काय? जबलपूरच्या निमित्ताने बालमानसिक आरोग्याचा विचार

जबलपूर : मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याकडे जाणारा मुख्य लोहमार्ग जबलपुरातून जातो. ७ मार्च १८७० रोजी मुंबई आणि कोलकाता ही शहरे रेल्वेने परस्परांशी जोडली गेली, ती याच ठिकाणी. आज पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. देशातील इतर मोठ्या स्थानकांप्रमाणेच या फलाटांवरही कोणी सोबत नसलेली मुले आढळतात. काही घरातील मारहाणीला कंटाळून निघालेली असतात, काही गर्दीत चुकलेली, तर काहींना कामाचे आमिष दाखवून दूरच्या शहरात नेले जात असते.

अशा मुलासाठी अन्न, वस्त्र आणि निवारा यांची तरतूद कायद्याने केलेली आहे. त्याच्या मनावर झालेल्या आघाताची दखल कोणी आणि कशी घ्यावी, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. गेल्या तीन दशकांत जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, परदेशी सरकारे आणि विश्वस्त निधी यांच्या साहाय्याने भारतात व अन्यत्र अनेक प्रयोग झाले. त्यांतून काय हाती लागले आणि निधीची मुदत संपल्यावर त्यातले काय टिकले, हे समजून घेणे जबलपूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. सध्याचा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा याच संहितेच्या तत्त्वांवर आधारलेला आहे. निराधार अवस्थेत आढळलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करणे बंधनकारक आहे. ही समिती मुलाच्या घरची चौकशी करविते आणि त्याला कुटुंबात परत पाठवायचे, नातेवाइकांकडे सोपवायचे, पालक कुटुंबात ठेवायचे की बालगृहात, याचा निर्णय देते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांमध्ये स्पष्टपणे नमूद आहे.

रेल्वेच्या हद्दीत सापडणाऱ्या मुलांसाठी रेल्वे मंत्रालयाने २०१५ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती ठरवून दिली. त्यामुळे आता रेल्वे संरक्षण दलाचा शिपाई, तिकीट तपासनीस किंवा फलाटावरचा हमाल हा बालसंरक्षणाच्या साखळीतील पहिला दुवा ठरतो. मुलाशी बोलणारा पहिला प्रौढ माणूस कोणत्या स्वरात बोलतो, यावर ते मूल आपले खरे नाव-गाव सांगेल की नाही, हे पुष्कळदा अवलंबून असते.

उपचारांतील अंतर

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. त्यात मध्य प्रदेशाचा समावेश होता. मानसिक आजार असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण या राज्यात सुमारे ९१ टक्के आढळले. म्हणजे दहा रुग्णांपैकी नऊ जणांपर्यंत कोणतीही सेवा पोहोचलेली नव्हती. याच सर्वेक्षणानुसार १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता.

राज्यातील जुनी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे आहेत. जबलपूरपासून ही दोन्ही शहरे रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. जबलपुरात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख ६३ हजार होती आणि आसपासच्या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील रुग्णही याच शहराकडे येतात. केवळ तज्ज्ञांच्या बळावर एवढ्या लोकसंख्येची गरज भागणे शक्य नाही.

मुलांच्या बाबतीत अडचण आणखी बिकट होते. प्रौढ माणूस निदान त्रास होत असल्याचे सांगू शकतो. मुलाचे दुःख अनेकदा वेगळ्या रूपात प्रकट होते. शाळेत लक्ष न लागणे, अंथरूण ओले करणे, वारंवार पोट दुखणे, चिडचिड किंवा एकदम गप्प होणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. मोठी माणसे त्यांना खोड्या, आळस किंवा हट्ट समजतात आणि मदतीऐवजी शिक्षा मिळते.

शतकापूर्वीचा धडा

परदेशी मदतीने निराधार मुलांना आधार देण्याचा प्रयत्न या प्रदेशाला नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूरसह तेव्हाचा मध्य प्रांत होरपळून निघाला. त्या वेळी पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि दुष्काळात निराधार झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना पुणे जिल्ह्यात घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार याच काळात झाला. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील गमावले होते. त्यांच्या कार्यासाठी बोस्टन येथे १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती. या अर्थाने हा त्या काळातील आंतरराष्ट्रीय बालरक्षण प्रकल्पच म्हणता येईल.

त्या मदतीने असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर मुली आपले गाव, बोली आणि नातेवाईक यांपासून शेकडो मैल दूर गेल्या, तसेच धर्मांतराच्या प्रश्नावरून तेव्हाही तीव्र वाद झाले. भुकेने मरणाऱ्या मुलीसमोर दुसरा पर्याय नव्हता. पण प्राण वाचविताना मुलाची मुळे कितपत जपता येतात, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पाच्या पाठीशी उभा आहे.

छप्पर पुरेसे का नाही?

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न रुमानियात झाला. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर तेथील अनाथालयांची दुरवस्था जगासमोर आली. २००० साली अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्ट येथे १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक कुटुंबांत ठेवण्यात आले, तर उरलेल्यांची नेहमीची व्यवस्था कायम राहिली.

कुटुंबात वाढलेल्या मुलांची बौद्धिक वाढ, भाषा आणि माणसांशी जवळीक साधण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली आढळली. वयाच्या साधारण दुसऱ्या वर्षाच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला. संस्थेत जेवण आणि अंथरूण मिळत होते. मात्र सांभाळणारी माणसे पाळीनुसार बदलत आणि एकेका व्यक्तीवर अनेक मुलांचा भार असे. रडल्यावर तेच हात पुन्हा पुन्हा जवळ घेतात, या अनुभवातून मुलाच्या मनात विश्वास तयार होतो. तो अनुभव तेथे दुर्मीळ होता.

या आणि अशा संशोधनामुळे जगभरातील धोरणाची दिशा बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारतात केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून गरजू मुलाला घरीच किंवा नातेवाइकांकडे राहता यावे म्हणून दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेमागेही हाच विचार आहे.

सिहोर, अमरावती आणि नालंदा

दुसरा मोठा प्रयोग मानसिक उपचार गावपातळीवर नेण्याचा होता. ब्रिटिश सरकारच्या निधीतून २०११ मध्ये इथिओपिया, भारत, नेपाळ, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा या पाच देशांत ‘प्राइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. भारतात त्यासाठी मध्य प्रदेशातील सिहोर जिल्हा निवडण्यात आला. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेचा त्यात प्रमुख सहभाग होता. सामान्य डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना नैराश्य ओळखण्याचे व हाताळण्याचे प्रशिक्षण देणे, हा त्यामागील विचार होता.

सिहोरचा अनुभव बोधप्रद ठरला. केंद्रात आलेल्या रुग्णांसाठी सेवा उभी राहिली आणि पुढे राज्याच्या जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ सुरू झाले. मात्र गावांत प्रत्यक्ष पाहणी केली असता नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले नाही. दवाखान्यात सोय झाली म्हणून दुःखी माणूस आपण होऊन तेथे जातोच असे नाही.

याच सुमारास विदर्भातील अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. त्याला टाटा न्यासाचे साहाय्य होते. येथे गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जात, लोकांच्या भाषेत ताणतणावाविषयी बोलत, प्राथमिक समुपदेशन करीत आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे नेत. सुमारे दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे दोन्ही उपक्रम प्रौढांसाठी असले, तरी त्यांचा मुलांशी थेट संबंध आहे. आई नैराश्यात असेल किंवा वडील दारूच्या आहारी गेले असतील, तर त्या घरातील मूल सर्वांत आधी असुरक्षित होते.

शाळांबाबतचा महत्त्वाचा पुरावा बिहारमधील नालंदा जिल्ह्यातून आला. मॅकआर्थर फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या साहाय्याने सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग झाला. काही शाळांत स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले, तर काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपविले. पहिल्या गटातील शाळांचे वातावरण सुधारले, विद्यार्थ्यांमधील नैराश्य, दादागिरी आणि हिंसा घटली. शिक्षकांवर जबाबदारी टाकलेल्या शाळांत मात्र असा परिणाम दिसला नाही. आधीच अनेक कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक काम टाकून हा प्रश्न सुटत नाही, हे यावरून लक्षात येते.

निधीची मर्यादा

परदेशी निधीला दोन मर्यादा आहेत. पहिली मुदतीची. बहुतेक प्रकल्प काही वर्षांसाठी असतात. दुरावलेल्या मुलाचा विश्वास संपादन करायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात अनेकदा कार्यकर्त्याचा करार संपतो. आधीच माणसे गमावलेल्या मुलाला आणखी एक ओळखीचा चेहरा दिसेनासा होतो.

दुसरी मर्यादा नियमांची. परदेशी अंशदान विनियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संस्थांना प्रशासकीय खर्चासाठी ५० ऐवजी जास्तीत जास्त २० टक्के रक्कम वापरता येते आणि मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. निधीच्या वापरात पारदर्शकता यावी, हा शासनाचा हेतू आहे. मोठ्या शहरातील संस्थेने निधी मिळवून जिल्ह्यातील छोट्या संस्थेकडून काम करून घेण्याचा पूर्वीचा मार्ग मात्र त्यामुळे बंद झाला आहे.

म्हणूनच एखाद्या प्रकल्पाचे मोल त्याने किती मुलांची नोंद केली, एवढ्यावरून ठरवणे अपुरे ठरते. त्यातील कोणते काम आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळा, बाल कल्याण समिती आणि जिल्हा रुग्णालय यांच्या नित्य कामाचा भाग झाले, ही खरी कसोटी आहे.

जबलपूरसमोरील काम

जबलपूरकडे या कामासाठी लागणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही येथेच आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विडी वळण्यासारखी घरबसल्या कामे करणारी कुटुंबे आहेत. त्या घरांपर्यंत पोहोचणारी आशा आणि अंगणवाडीची यंत्रणाही अस्तित्वात आहे. गरज आहे ती या दुव्यांना एकमेकांशी जोडण्याची. फलाटावर सापडलेल्या मुलाची मानसिक तपासणी समितीपुढील पहिल्या काही दिवसांतच व्हावी, बालगृहात समुपदेशक वारंवार बदलू नये आणि मूल घरी परतल्यावर किमान काही महिने कोणी तरी त्याची विचारपूस करावी, या गोष्टींसाठी मोठ्या इमारतींची आवश्यकता नाही. त्यासाठी माणसे नेमावी लागतात, त्यांना वेळेवर मानधन द्यावे लागते आणि त्यांच्या कामाचा नियमित आढावा घ्यावा लागतो.

नागरिकांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. संकटातील मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळविता येते. मानसिक त्रासासाठी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. मध्य प्रदेशातील किशोरवयीन मुलांसाठी ‘उमंग’ ही १४४२५ क्रमांकाची सेवा आहे.

दूरध्वनीवरील आवाज तातडीचा आधार देतो. त्यानंतरचा आधार मात्र घरात, वर्गात आणि वस्तीतच मिळावा लागतो. बुखारेस्टपासून अमरावतीपर्यंतच्या अनुभवांनी तो कसा उभा करता येतो हे दाखवून दिले आहे. तो टिकविण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरायचा की पुढच्या परदेशी प्रकल्पाची वाट पाहायची, हे राज्यांनी आणि जिल्ह्यांनी ठरवायचे आहे.