तार शाबूत, तांबे तुटलेले

मोटारगाडीच्या सगळ्या दारांची कुलपे विजेने लावण्याची सोय अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ सालच्या गाड्यांत देऊ केली. आज ती आपल्याकडील सर्वसाधारण गाडीतही आल्यामुळे, तीन दारे हुकूम पाळतात आणि चौथ्याचे कुलूप जागचे हलत नाही, ही तक्रार वायरिंगच्या प्रत्येक कारागिराच्या ओळखीची झाली आहे. अशा वेळी नवी मोटर बसवून मोकळे होण्याची घाई मला सर्वथा अनुचित वाटते, कारण तपास विचारपूर्वक केला तर दोष कोठे आहे याचा दाखला पदार्थविज्ञानच देते.

दाराच्या पत्र्याआड १२ व्होल्टवर चालणारी लहानशी मोटर असते. बहुतेक गाड्यांत तिला दोनच तारा येतात, आणि त्या एरवी अर्थला जोडलेल्या असतात. रिलेने एका तारेला क्षणभर विद्युद्दाब दिला की कुलूप लागते, दुसरीला दिला की उघडते. चारही दारे निश्चल असतील तर प्रथम फ्यूज पाहावा हे उघडच आहे. पण एकच दार लागते आणि उघडत मात्र नाही, असे असेल तर तारांवर संशय घेणे व्यर्थ होय. कारण दोन्ही हुकमांचा प्रवाह त्याच दोन तारांतून जातो, आणि त्यांतील कोणतीही एक तुटली तर दोन्ही क्रिया एकदमच थांबावयास हव्यात.

दोन्ही थांबल्या असतील, तर बिजागरीजवळची रबरी नळी प्रथम तपासावी. दाराच्या प्रत्येक उघडझापीबरोबर तिच्यातील तारा वाकतात, तांब्याचे बारीक तंतू थकून एकामागून एक तुटतात, आणि वरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र लवचीक असल्यामुळे अखंड राहते. आत तुटलेली टोके एकमेकांस जेमतेम टेकलेली असतात. त्यांवर गंज चढला की तेथे २ ओहमचा रोध सहज उत्पन्न होतो.

येथे मल्टिमीटर निरागसपणे फसवतो. त्याचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असल्यामुळे १२ व्होल्ट मोजताना तारेतून जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. २ ओहमच्या अडथळ्यात त्याचे अडीच मायक्रोव्होल्टही खर्ची पडत नाहीत, आणि मीटर पूर्ण १२ व्होल्टचा निर्वाळा देतो. तीच तार २ ओहम रोधाच्या मोटरला जोडली की निम्मा दाब वाटेतच संपतो, मोटरला ६ व्होल्ट उरतात, आणि तिची शक्ती चतुर्थांशावर येते. म्हणून तारेची खरी परीक्षा तिच्यातून प्रवाह वाहू लागल्यावरच होते. मोटरचा जोड काढून तेथे ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावावा, दुसऱ्या माणसाने कळ दाबत राहावी, आणि आपण रबरी नळी हलकेच वाकवीत बल्बकडे लक्ष ठेवावे: धडधाकट दारापाशी जो लख्ख चमकतो, तो येथे मंद पडला किंवा नळी हलताच विझला, तर मोटर निर्दोष ठरते. (एअरबॅगच्या तारांना हा बल्ब कदापि लावू नये.)

दुरुस्तीतही एक पथ्य आहे. वाकणाऱ्या जागीच डाग दिला तर कथील तंतूंत शिरून तार ताठ होते आणि डागाच्या कडेशी पुन्हा तुटते. यास्तव बारीक तंतूंच्या तारेचा नवा तुकडा थोडी ढील ठेवून नळीतून आरपार न्यावा, व दोन्ही सांधे नळीच्या बाहेर, एक गाडीच्या अंगाला आणि दुसरा दाराच्या आत, घ्यावेत.